सबब, पदपथ सुस्थितीत आहे

वर्तकनगरातले घर आणि वागळे इस्टेटमधला कारखाना यांच्यातले अंतर सुदेश गमरेच्या बाबतीत चुकीचे पडले होते. चालत जावे तर पोचेपर्यंत शर्ट पिळून वाळत घालायची वेळ येई. रिक्षा करावी तर एवढ्याशा अंतरासाठी मीटर टाकणे हा रिक्षावाल्याला आपल्या घराण्याचा अपमान वाटे. बस होती, नाही असे नाही; पण सुदेशला जायचे असेल तेव्हा ती दुसऱ्या कुणाला तरी नेत असे.

अशा वेळी सरळ मार्गाने जाणारा माणूस स्कूटर घेतो. सुदेशने एक चाक घेतले.

म्हणजे अगदी शब्दशः एक. जाडजूड टायर, त्याच्या पोटात बॅटरी आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दोन पट्ट्या. बसायला सीट नाही, धरायला हॅंडल नाही. वर उभे राहायचे, गुडघे किंचित वाकवायचे आणि पुढे झुकायचे. झुकले की ते पुढे जाते, मागे रेलले की थांबते. झुकले की पुढे जाता येते ही विद्या सुदेशला एकोणीस वर्षांच्या नोकरीत साधली नव्हती. कारखान्यात तो दातेरी चक्रे तपासायचा आणि केसभर फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, त्यामुळे साहेब लोक त्याच्यावर कधी खूश नसत. या यंत्रापुढे झुकताना मात्र त्याला कमीपणा वाटला नाही.

महिनाभर तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या स्कूटरवर आळीपाळीने पडला. त्याची आई कलावतीबाई गॅलरीतून बघत असत.

"सुदेश," एके दिवशी त्या म्हणाल्या, "ज्यानं सायकलला दोन चाकं लावली, तो काही वेडा नव्हता रे."

महिन्याने तो रस्त्यावर उतरला आणि पहिल्याच सिग्नलला हवालदाराने त्याला बाजूला घेतले.

"काय आहे हे?"

"युनिसायकल. इलेक्ट्रिक."

"नंबर कुठाय?"

"नंबर नसतो हिला."

"लायसन?"

"लागत नाही बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? गाडी आहे का नाय ते सांगा ना एकदा."

हवालदार माणूस चांगला होता. त्याने खिशातली पुस्तिका काढून मनापासून चाळली. तीत दुचाकी होती, तीनचाकी होती, चारचाकी होती, अवजडही होती. एकचाकी नव्हती. "पुस्तकात नाय म्हणजे रस्त्यावर नाय," त्याने निर्णय दिला. "फूटपाथवर घ्या. तिकडं कोण विचारत नाय."

हे मात्र सोळा आणे खरे होते. फूटपाथला कित्येक वर्षांत कुणी विचारलेले नव्हते.

हा फूटपाथ एकेकाळी सलग होता असे जुने रहिवासी सांगतात. मग पाण्याच्या पाइपवाल्यांनी तो खणला, त्यांच्यामागून गॅसवाल्यांनी, त्यांच्यामागून इंटरनेटच्या केबलवाल्यांनी. आणि प्रत्येकाने जाताना पेव्हर ब्लॉक आपापल्या आवडीप्रमाणे परत मांडले. गटाराची झाकणे एक तर चार बोटे वर होती नाही तर चार बोटे खाली. बरोबर पातळीत बसलेले एकच झाकण होते, आणि त्याच्यावर विजेची पेटी उभी होती. दुकानदारांनी दारापुढे आपापले उतार बांधून घेतले होते. औषधवाल्याचा उतार इतका खडा होता की तो चढून येणाऱ्याला औषधाची गरज आहे याबद्दल शंका राहत नसे. मोटारसायकली वर येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइप रोवले होते. त्यांतून मोटारसायकली आरामात जात, फक्त बाबागाड्या अडत.

सुदेशने हे सगळे एखाद्या परीक्षेसारखे अभ्यासले. कुठला ब्लॉक डुगडुगतो, कुठला दगाबाज आहे, कुठे वजन डाव्या टाचेवर घ्यायचे, झाडाच्या मुळावरून उडी कशी मारायची, हे त्याला तीन आठवड्यांत तोंडपाठ झाले. चौथ्या आठवड्यापासून तो एकदाही पडला नाही. लोक कौतुकाने बाजूला होत. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाला स्वतःचा अभिमान वाटावा असे फारसे काही घडत नाही. सुदेशला तो वाटला, आणि का वाटू नये?

या आनंदाला मे महिन्यात दृष्ट लागली.

कलावतीबाई पालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. वय एकोणसत्तर. रोज संध्याकाळी त्या बुद्धविहारात जात, आणि आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने तिथले ग्रंथवाचन त्यांच्याकडे असे. बावीस वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. विहार घरापासून चारशे पावलांवर. पण त्या संध्याकाळी तेविसाव्या पावलालाच गेटबाहेरच्या ब्लॉकचा एक कोपरा खाली गेला, दुसरा वर आला आणि कलावतीबाई आडव्या झाल्या. डावे मनगट मोडले.

मनगट बसते हो. बसली होती ती भीती. प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून त्या गेटपर्यंत येत, एक पाऊल बाहेर टाकत आणि मागे घेत. चारशे पावलांना रिक्षा कोण देणार? आणि रस्त्याच्या कडेने चालायला त्या तयार नव्हत्या. चौतीस वर्षे त्यांनी मुलांकडून 'नेहमी पदपथावरूनच चालावे' हे वाक्य दहा-दहा वेळा लिहून घेतले होते. "यंदा वाचायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा," असे त्या एका रात्री जेवताना म्हणाल्या, तेव्हा सुदेशच्या पोटात खड्डा पडला. शहरातल्या इतर खड्ड्यांप्रमाणे याचीही नोंद कुठे झाली नाही.

सुदेशने आईला अर्ज करायला लावला. त्यांनी तो वळणदार अक्षरात, समास सोडून लिहिला. अकराव्या दिवशी उत्तर आले. पालिकेकडून अकराव्या दिवशी उत्तर येते तेव्हाच माणसाने ओळखावे की काहीतरी बिघडले आहे.

"महोदया," पत्रात म्हटले होते, "सदर पदपथावरून श्री. सुदेश रत्नदीप गमरे नामक नागरिक एकचाकी वाहनावर उभे राहून, कशालाही न धरता, दररोज दोन वेळा सुखरूप ये-जा करतात, ही बाब या कार्यालयाच्या निदर्शनास आली आहे. ज्या पृष्ठभागावरून एका चाकाने जाता येते, त्यावरून दोन पायांनी जाता येत नाही, हे म्हणणे तर्कास धरून नाही. सबब, पदपथ सुस्थितीत आहे. आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

कलावतीबाईंनी पत्र दोनदा वाचले. एका चुकीच्या वेलांटीवर लाल पेनाने खूण केली.

"सुदेश," त्या म्हणाल्या, "हे काय करून ठेवलंस तू?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सुदेश पदपथ सुस्थिती कक्षात गेला. कक्षप्रमुख चांगदेव खारकर उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"या या, गमरे साहेब! संचिता मॅडम, बघा कोण आलंय. आपले गमरे!"

टेबलापलीकडे लिहीत बसलेल्या संचिता मॅडमनी आदराने मान वर केली.

"साहेब, तो फूटपाथ खराब आहे," सुदेश म्हणाला. "मला सवय झालीये म्हणून मी जातो. आई माझी पडली ना त्याच्यावर."

"आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण तुम्ही पडता का?"

"मी नाही पडत."

"एका चाकावर?"

"हो."

"मग झालं तर! अहो, इतकी वर्षं आमच्याकडे पदपथ मोजायला निकषच नव्हता. लोक म्हणायचे खराब, आम्ही म्हणायचो चांगला. नुसती तोंडातोंडी. तुम्ही आलात आणि शास्त्रीय पाया मिळाला."

"मग मी उद्यापासून चालवणं बंद करतो."

"तुमची मर्जी," खारकर प्रेमाने म्हणाले.

सुदेशने खरेच चाक बंद ठेवले आणि तो आठ दिवस चालत कामावर गेला. नवव्या दिवशी सोसायटीच्या फलकावर कक्षाचे परिपत्रक लागले : "श्री. गमरे अलीकडे सदर पदपथावरून पायीही सुखरूप जाताना आढळले आहेत. यावरून पदपथ दोन्ही प्रकारे सुस्थितीत असल्याचे सिद्ध होते."

तोवर गावभर बभ्रा झाला होता. कक्षाकडे पडून असलेल्या सगळ्या तक्रारी 'गमरे निकषा'वर एका दमात निकालात निघाल्या. मागच्या गल्लीतल्या मीराबाई घोट्याला पट्टी बांधून कलावतीबाईंच्या दारात आल्या आणि उंबऱ्यावरूनच ओरडल्या, "आगो कलावती, तुजे पोरानं माजा पाय मोरला!" सुदेश त्या वेळी पोहे खात होता. त्याने बशी खाली ठेवली. मग आंबिवलीहून मामेबहीण रुचिताचा फोन आला.

"दादा, आमच्या स्टेशनबाहेरच्या फूटपाथचा अर्ज केलेला ना मी, त्याच्या उत्तरात तुझं नाव आलंय."

"माझं? अगं, मी आंबिवलीला शेवटचा तुझ्या लग्नात आलेलो!"

"तेच लिहिलंय. त्या वेळी तू न पडता गेलास म्हणे. कल्याण-डोंबिवलीत पण चाललाय तुझा निकष. फेमस झालास रे तू!"

सुदेशने विचार केला आणि त्याला एकच उपाय दिसला. आपण न पडल्यामुळे हे झाले आहे, तर आपण पडले पाहिजे. तो पुन्हा खारकरांकडे गेला.

"पडायला कुणाचीच हरकत नाही," खारकर म्हणाले. "पण खाजगीत पडून उपयोग नाही. उद्या कोणीही उठेल आणि मी पडलो म्हणेल. पतन अधिकृत व्हायला पाहिजे. आम्ही येतो, पंच येतात, पंचनामा होतो. मॅडम, तारीख द्या यांना."

अधिकृत पतनाची तारीख जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघाली. तोपर्यंत कलावतीबाईंचे प्लास्टर निघाले होते, पण पाऊल काही गेटबाहेर पडत नव्हते. विहारातले लोक येऊन विचारून गेले, "आई, यंदा वाचणार ना?" त्यांनी नुसता चहा टाकला.

त्या सकाळी सुदेश हेल्मेट, कोपरकवच, गुडघाकवच चढवून चाकावर उभा राहिला, तेव्हा त्याच्या मनात दुविधा होती. केसभर खोटेपणा न केलेला माणूस. मुद्दाम कसे पडायचे? पण ती वेळच आली नाही. त्या अख्ख्या फूटपाथवर हातभर रुंदीची एकच धड पट्टी होती, आणि खारकर, संचिता मॅडम व दोन पंच नेमके तिच्यावर उभे होते. कारण उभे राहायला दुसरी जागाच नव्हती. त्यांना चुकवायला सुदेश डावीकडे वळला, गेटसमोरच्या ब्लॉकने आपला कोपरा खाली घेतला आणि सुदेश मनापासून, कुठलाही अप्रामाणिकपणा न करता, औषधवाल्याच्या उतारावर जाऊन पडला. कोपरकवच फुटले. वेदनेने त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्या पाण्यात आनंदही होता.

"पडलो!" तो ओरडला. "साहेब, पडलो!"

"बघितलं, बघितलं," खारकर म्हणाले. "मॅडम, घ्या लिहून."

संचिता मॅडमनी पंचनामा वाचून दाखवला : "पतनाचे कारण : पदपथावर माणसे उभी होती. माणसे नसताना हा पदपथ सुस्थितीत असतो. सबब, पदपथाचे आयुष्य वाढावे यासाठी त्यावर माणसांनी शक्यतो येऊ नये, अशी शिफारस करण्यात येते."

"पण साहेब, मी ब्लॉकवरून पडलो ना!"

"आम्ही नसतो तर तुम्ही ब्लॉकवर गेला असतात का?"

सुदेशने खरे तेच सांगितले. "नाही."

"मग? चिडू नका, गमरे साहेब. लोकशाही आहे. आपण जनसुनावणी ठेवू. लोक म्हणतील तसं."

पौर्णिमेच्या चार दिवस आधी पालिकेच्या सभागृहात जनसुनावणी झाली. एकशे बारा माणसे आली. कुणाचा हात गळ्यात होता, कुणाच्या हातात काठी होती, मीराबाई वॉकर घेऊन आल्या होत्या. कलावतीबाई रिक्षाने आल्या. सभागृह दूर असल्यामुळे रिक्षावाला एका पायावर तयार झाला होता. एवढी मोडकी माणसे एका ठिकाणी पाहून सुदेशला धीर आला. आज काहीतरी होणार, असे त्याला मनापासून वाटले.

खारकर नमस्कार करून उभे राहिले. "मंडळी, खुर्च्या जरा कमी आहेत. थोडे जण उभे राहिले तर चालेल ना?"

"चालेल, चालेल," काठीवाले म्हणाले.

"माईक बंद आहे. मी मोठ्यानं बोलतो. चालेल?"

"चालेल साहेब."

"चहा बिनसाखरेचा आलाय."

"चालेल हो. तब्येतीला बराच."

आपली माणसे कुणाचे मन मोडत नाहीत. घसा कोरडा होईपर्यंत भांडू म्हणून घरून निघतात आणि समोरच्याने नीट विचारले की विरघळतात. खारकरांनी चहा संपू दिला. मग त्याच आवाजात विचारले, "पदपथाचं दिवाळीनंतर बघू आपण. तोवर आहे तसा चालेल?"

मागून कुणीतरी नुसत्या सवयीने म्हणाले, "चालेल." मग बाजूचा म्हणाला, मग रांगच्या रांग म्हणाली. मीराबाईही म्हणाल्या, "चालंल." सुदेशच्या तोंडूनही निसटले आणि मग त्याने जीभ चावली.

कलावतीबाई उभ्या राहिल्या. वर्गात हजेरी घ्यायच्या त्या आवाजात त्या म्हणाल्या, "मला चालणार नाही."

सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीतरी हळूच म्हणाले, "जाऊ द्या ना बाई, एवढं म्हणतायत ते." आईच्या बाजूने उभे राहावे म्हणून सुदेश उठू लागला, तोवर खारकर हात जोडून म्हणाले, "नोंद घेतली आहे," आणि सुनावणी संपली.

नोंद खरोखरच घेतली होती. दोन दिवसांनी इतिवृत्त प्रसिद्ध झाले. "मुद्दा चार : पदपथ आहे तसा चालेल का, असे विचारले असता उपस्थितांनी 'चालेल' असे एकमुखाने सांगितले. मुद्दा पाच : श्रीमती कलावती गमरे यांनी आपण चालणार नाही, असे स्वतः उभे राहून स्पष्ट केले. जी व्यक्ती चालणार नाही, तिचा पदपथाशी संबंध येत नाही. सबब, त्यांची हरकत गैरलागू ठरते."

कलावतीबाईंनी ते वाचले. या वेळी शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे लाल पेन तसेच राहिले.

आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी त्यांनी पांढरी साडी नेसली, ग्रंथ पांढऱ्या कापडात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि त्या गेटपाशी आल्या. सुदेश मागे होता. त्यांनी ब्लॉककडे पाहिले, मग लोखंडी पाइपांकडे, मग औषधवाल्याच्या उताराकडे. मग उजवीकडे-डावीकडे बघून, पोरांना शिकवत तशा, त्या खाली रस्त्यावर उतरल्या.

"आई, रस्त्यावरून?"

"उशीर होतोय. चल."

त्या कडेकडेने चालू लागल्या. सुदेश गाड्यांच्या बाजूला राहून त्यांच्यासोबत चालत होता. साठ-सत्तर पावले झाली असतील. मागून एक गाडी आली आणि तिने हॉर्न वाजवला. कलावतीबाई दचकल्या, पिशवी त्यांनी छातीशी धरली. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. गाडी बरोबरीला आली आणि काच खाली झाली.

"ओ मावशी, फूटपाथ दिलाय ना चालायला? मग रस्त्यात काय येताय?"

सुदेशच्या तोंडात शिवी आली होती. पण कलावतीबाईंनी मान हलवली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे बाळ तुझं. शाळेत मीच शिकवलंय हे."

काच वर गेली, गाडी निघून गेली. विहारात वाचन वेळेवर सुरू झाले. पहिल्या पानभर कलावतीबाईंचा आवाज कापत होता, मग लागला.

सुदेशने फार प्रयत्न केला, पण त्याला गाडीचा नंबर टिपता आला नाही आणि आतला चेहराही दिसला नाही. म्हणून नाइलाजाने इथे विचारावे लागते आहे. रागावू नका, नुसती चौकशी आहे : गेल्या आषाढी पौर्णिमेला, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, आपण वर्तकनगरातून गाडी घेऊन कुठे निघाला होता?